युक्काचा दांडा

गुरुवार, १७ ऑक्टोबर १९९६. नवरात्राची पाचवी माळ. नळ उशिरा आला. पिण्यापुरते भरून घेतले. दूधवाल्याला दुधातल्या पाण्याबद्दल बोलले, तो हसला. फाटकाजवळच्या युक्काच्या मधोमध दांडा वर आला आहे, वीतभर उंच, मनगटाएवढा जाड. यांनी भुजहून आणून लावल्यापासून पहिल्यांदाच. सरलाबाईला बोलावून दाखवला. ती काहीच बोलली नाही. दुपारी चवळी निवडली. चष्म्याची काडी सैल झाली आहे.

प्रधानकाकूंच्या रोजनिशीत एवढंच. सरलाबाई बोलली नाही, कारण तिच्या मनात एकच गोष्ट आली होती: हा दांडा आत्ताच्या आत्ता मुरगळून टाकावा.

तिचा नवरा धुडकू मागच्या खोलीत झोपला होता. थोड्या वेळाने तो उठेल, चहाचा कप घेऊन रोजच्यासारखा पुढच्या अंगणात येईल आणि या झाडाशेजारच्या खाटेवर बसेल. त्याआधी दांडा दिसेनासा व्हायला हवा होता. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि पानांच्या गर्दीत हात घातला. एका पानाचं टोक तळहातात रुतलं.

"अगं, जपून. सुया आहेत त्या," पायरीवरून प्रधानकाकू म्हणाल्या. घरात बारसं असावं तसा त्यांचा चेहरा खुलला होता. "बारा वर्षांनी मनावर घेतलं बघ याने. साहेब असते तर पेढे वाटले असते."

सरलाबाईने हात मागे घेतला. रक्ताचा थेंब पदराला पुसला. काय सांगणार होती ती? तुमचं पहिलं फूल मोडते, नाहीतर माझा नवरा मरेल, असं? काकूंनी वेताची खुर्ची ओढून दांड्यासमोर ठेवली आणि त्या बसल्याच. तेवढ्यात घराच्या बाजूने चपला घासत येण्याचा आवाज आला.

धुडकूने दांडा पाहिला. कप हातात तसाच धरून तो उभा राहिला.

"ललितनी माय," तो हळूच बायकोला म्हणाला, "दांडा उना."

दांडा आला. एवढंच. पण खान्देशातल्या कुठल्याही बांधावर वाढलेल्या माणसाला त्याचा पुढचा अर्थ सांगावा लागत नाही.

धुडकू पारोळ्याकडचा. बोरी नदीच्या काठी गाव, थोडीशी जमीन आणि बांधाच्या कडेने केकताड. शिकलेली माणसं त्याला घायपात म्हणतात. जाड, लांब, टोकाला काटा असलेली त्याची पानं. त्याला कुणी पाणी घालत नाही, ढोरं त्याला तोंड लावत नाहीत आणि उन्हाळा त्याचं काही बिघडवत नाही. धुडकूच्या घरी सगळे फावल्या वेळात केकताडाचे दोर वळत. पानं नदीच्या डबक्यात कुजवायची, दगडावर मोगरीने झोडायची, हिरवा गर धुऊन काढला की पांढरा वाख हाती राहतो, त्याला मांडीवर पीळ द्यायचा. बैलांची दावी, विहिरीचं चऱ्हाट, पाळण्याची दोरी, सगळं त्यातूनच. आणि केकताडाला कधीतरी मधोमध दांडा येतो, माणसाच्या दुप्पट उंच होतो, फुलतो. त्यानंतर ते झाड वाळून जमिनीवर बसतं. त्याचा जन्म तेवढाच. म्हणून दांड्याचं टोक दिसलं की धुडकूचा बाप लगेच विळा घेऊन निघे. दांडा चढू लागला की झाड सगळा जीव त्याच्यात घालतं, पानांतला वाख निकामी होतो, त्याआधी पानं उतरवून घ्यावी लागतात.

बहात्तरच्या दुष्काळात शेती मोठ्या भावावर, भिकनवर, टाकून धुडकू सुरतेच्या पॅसेंजरमध्ये चढला. आधी पॉवरलूमवर राहिला, मग पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये. तिथे उकळत्या रंगातून कापड बाहेर ओढायचं काम. त्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत, कधी हिरवे, कधी जांभळे. लग्न होऊन सरलाबाई आली तेव्हा ती त्याचे हात बघून सांगायची की आज मिलमध्ये कुठल्या साड्या चालू आहेत. "आमची बाराही महिने होळी," तो पाहुण्यांना सांगे आणि हात पुढे करी.

खोकला त्याला वाफेने येत असेल असं दोघांनाही वाटत होतं. मग प्लेगचं साल आलं. अर्धी सुरत तोंडाला फडकी बांधून गाड्यांत कोंबली गेली, हे दोघं नि त्यांचा मुलगा ललितही त्यात होते. त्या गाडीत नंदुरबारच्या आधी एका खोकणाऱ्या माणसाला लोकांनी दारातून खाली उतरवलं, गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती. धुडकूने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून तो तोंडात टॉवेल कोंबून खोकायला शिकला. प्लेग गेला, सगळे परत आले, कचरा उचलला गेला, रस्ते रुंद झाले, पण सुरतेत खोकणाऱ्याकडे लोक वळून बघायचे ते बघतच राहिले. धुडकूचा टॉवेलही गेला नाही. त्या टॉवेलात रक्त दिसलं तेव्हा दोन उन्हाळे उलटून गेले होते.

"टीबी आहे," दवाखान्यातला डॉक्टर मान वर न करता म्हणाला. "आठ महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. बरा होशील."

मिलने त्याला घरी बसवलं. सरलाबाई सुरतेतच भटारला प्रधानकाकूंकडे धुण्याभांड्याला जायची. काकू एकट्या. यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मोटार विकल्यापासून मागची गॅरेजची खोली रिकामीच होती. "त्या पांडेसऱ्याच्या धुरात तो कसा बरा होणार?" काकू म्हणाल्या आणि खोलीची किल्ली सरलाबाईच्या हातावर ठेवली. धुडकूचा कप आणि ताटली मात्र वेगळी होती, दोन्हींना खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी धुडकू अंगणात आला आणि फाटकाजवळ थबकला.

"काकू, हे केकताड कुणी लावलं?"

"केकताड नाही. युक्का. साहेबांनी भुजहून आणलं. आगगाडीत, मांडीवर घेऊन."

"मांडीवर?" धुडकूला हसू आलं, हसताना खोकला आला, तरी तो हसतच राहिला. "आमच्या बांधावर चला. गाडी भरून देतो. वर माझा भाऊ तुमच्या पाया पडेल, म्हणेल न्या एकदाचं."

"तू काहीही म्हण. पाणी मात्र घालू नकोस त्याला. मुळं कुजतात."

"केकताडाला पाणी? काकू, मी आजारी आहे, येडा नाही."

झाड चांगलं पुरुषभर उंच होतं. खाली जाड खोड, वर तलवारीसारख्या पानांचा मोठा गोल. सरलाबाईने रात्री विचारलं की केकताडाला खोड कुठे असतं? "सुरतचं पाणी लागलं त्याला," धुडकू म्हणाला. "मी नाही का इथे येऊन कोट घालून फोटो काढला? तसंच."

पावसाळाभर गोळ्या चालल्या आणि त्याच्या अंगावर मांस दिसू लागलं. रिकामं बसवेना. काकूंना विचारून त्याने युक्काची खालची पानं विळ्याने उतरवली आणि मागच्या पिंपात कुजत घातली. चार-सहा दिवसांनी काकू नाकाला रुमाल लावून मागे आल्या.

"धुडकू, काय मेलंय इथे?"

"काही मेलं नाही काकू. दोर जन्माला येतोय."

"त्याला आंघोळ घालून मग जन्माला घाल," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वाख निघाला. पांढरा, मऊ, पण आखूड. धुडकूने तो बोटांवर ओढून पाहिला. "पाणी पिऊन माजलेलं केकताड," तो म्हणाला, "वाख आखूडच पडणार." त्याने आधी काकूंच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी वळली, मग एक लांब दोर वळून खुंटीला अडकवला. दोर पुरा झाला त्या दिवशी तो खाटेवर बसून झाडाकडे बघत म्हणाला, "हे पण दुष्काळातलं, मी पण दुष्काळातला. हे उभं तोवर मी उभा."

गंमतीतच म्हणाला. पण सरलाबाईने ते वाक्य उचललं. गोळ्या मोठ्या होत्या, त्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, रोज सकाळी त्याची कुरकुर असायची. मग ती पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, "बाहेर बघा. केकताड हिरवंगार शे. गिया." आणि तो गिळायचा. असं तिने त्याला पावसाळाभर औषध दिलं होतं. झाडावर हात ठेवून शपथ घातल्यासारखं.

आणि आता दांडा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळ्या पुढे केल्या. रोजचं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"गोया खाई ल्या."

"आते कशाले?"

"डॉक्टरनी सांगेल शे."

"डॉक्टरनी केकताड पाहेल शे का?"

तिने हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने गोळ्या घेतल्या, तिच्यासाठी म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दांडा रोज बघता बघता वाढत होता. आठवड्यात तो काकूंच्या डोक्यावर गेला. धुडकू विळा घेऊन काकूंपुढे उभा राहिला.

"काकू, सगळी पानं उतरवू का? आता उतरवली तर वाख मिळेल. दांडा फुलला की काही उरत नाही. झाड तर जाणारच."

"जाणार? कुठे जाणार?"

मग त्याने समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता काकूंना दुसरंही कळलं. त्यांनी सरलाबाईकडे पाहिलं. सरलाबाई ओट्याशी पाठ करून भांडी विसळत होती, एकच पातेलं पुन्हा पुन्हा.

काकू आत गेल्या आणि साहेबांचं बागकामाचं जाड पुस्तक घेऊन आल्या. चित्र उघडून त्याच्यापुढे धरलं. "हे बघ. हेच झाड. इथे लिहिलंय, पुन्हा पुन्हा फुलतं. मरत नाही. घायपात वेगळं, हे वेगळं. चुलत भावंडं म्हण हवं तर."

धुडकूने चित्र नीट पाहिलं. पानं मोजावीत तसं बोट फिरवलं.

"तिकडच्या देशातलं असंल हे."

"झाडाला देश नसतो रे."

"माणसाला असतो, मंग झाडाला कसा नाही?" तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता. "काकू, तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगता. डॉक्टर पण असंच सांगतो. आजारी माणसाला खरं कोण सांगतं?"

रविवारी ललित आला. इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर होता तो, तिथेच पोरांबरोबर राहायचा. वीस वर्षांचा, सुरतेतच वाढलेला. घरी अहिराणीत सुरू झालेलं वाक्य त्याचं गुजरातीत संपायचं. त्याने बापाला सरळच सांगितलं, "पप्पा, आ युक्का छे. केकताड नथी. नर्सरीवाळा पण असंच म्हणतो."

"नर्सरीवाल्याने किती दोर वळले?"

"दोर वळायला कशाला पाहिजे? तो विकतो."

"बराबर," धुडकू म्हणाला. "विकणारा झाड मरतं असं कशाला सांगेल?"

काकू हट्टाच्या होत्या. अठवा लाइन्सला त्यांच्या ओळखीच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यात असाच युक्का होता आणि तो गेल्या वर्षी फुलला होता. धुडकूला तो उभा असलेला दाखवला की प्रश्न मिटेल असं त्यांना वाटलं. त्यांनी रिक्षा बोलावली, धुडकू नि सरलाबाईला घेऊन स्वतः गेल्या.

बंगल्यात बाई नव्हत्या. माळी होता. युक्का कोपऱ्यात उभा होता, हिरवागार, तीन डोक्यांचा. सरलाबाईच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो झाडाभोवती फिरून आला, खाली वाकला, मग मांडी घालून बसला.

"दांडा कुठाय गेल्या वर्षीचा?"

"कापी नाख्यो हशे," माळी म्हणाला. "दर वरसे फूल आवे."

"तुम्ही पाहिलं?"

"हूं तो होळी पछी आव्यो."

माळी होळीनंतर कामाला लागला होता. धुडकूने मान हलवली. मग त्याने खोडाच्या बुंध्याशी जमिनीतून वर आलेला एक कोंब दाखवला, हातभर उंच. "हे बघ, ललितनी माय. पिल्लू."

केकताड मरतं तेव्हा बुंध्याशी पिलं टाकून जातं. बांधावर पुन्हा हिरवं दिसतं, पण ती पिलं असतात, आई नसते. हे सरलाबाईलाही ठाऊक होतं. तिच्या माहेरी, शिंदखेड्याकडे, तिने स्वतः तशी पिलं उपटून दुसऱ्या बांधावर लावली होती.

"ही तीन डोकी तीन पिलं आहेत," धुडकू म्हणाला. "आई मेली. यांना वाटतं तेच झाड आहे."

काकू रिक्षापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नवरात्र सरलं तरी त्या रात्री शेजारच्या सोसायटीत लहान मुलांच्या टिपऱ्या चालल्या होत्या. धुडकूने सांगितलं, "माले गावले जानं शे." इथे मेलो तर अश्विनीकुमारच्या घाटावर नेतील, कोण ओळखीचं असेल तिथे? भाऊ हवा, बोरीचं पाणी हवं. हे झाड बसायच्या आत जायचं.

सरलाबाई नाही म्हणू शकली असती. तिने काकूंना सांगितलं असतं, तर काकूंनी डॉक्टरला घरी आणलं असतं, ललितने दार अडवलं असतं. पण तिने सांगितलं नाही. लोक नंतर म्हणाले की नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही. तसं नव्हतं. तिलाही ते पटलं होतं. काकूंचं पुस्तक तिला वाचता येत नव्हतं आणि माळ्याने काही पाहिलेलं नव्हतं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बांधावरची केकताडं दांडा टाकून बसलेली पाहिली होती, एक नाही, सगळी. मरायचंच असेल तर त्याच्या मनासारखं तरी होऊ दे, असं तिने ठरवलं आणि ठरवल्यावर तिला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला पुढे सर्वांत जास्त भीती वाटू लागली.

दिवाळी झाली आणि ते निघाले. युक्का तेव्हा पुरता फुलला होता. दांड्यावर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या घंटा लटकत होत्या, गल्लीतल्या बायका देवाला फुलं मागायला येत होत्या. काकूंनी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या आणवून दिल्या होत्या. फाटकात त्या म्हणाल्या, "संपायच्या आत परत या. नाहीतर ललितबरोबर पाठवते. सरला, ऐकतेस ना?"

"हो काकू."

धुडकूने फुलांकडे मान वर करून पाहिलं. "चांगलं फुललं," तो म्हणाला. त्याच्या वळकटीत खुंटीवरचा तो लांब दोर होता. सरलाबाईने तो कशाला घेतला हे विचारलं नाही.

गावी आल्यावर पहिला महिना तो बरा होता. भिकनच्या ओसरीवर बसायचा, आल्या-गेल्याशी बोलायचा, मिलच्या गोष्टी सांगायचा. भिकनची बायको धुरपदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करून घालायची. "सुरतमा काय खासत तुम्ही, पुट्ठा?" ती विचारायची आणि तो हसायचा. सरलाबाई कापूस वेचायला जाऊ लागली. जाण्याआधी गोळ्या हातावर ठेवायची. तो घ्यायचा. संपल्या तेव्हा ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. साठा संपलाय, सोमवारी या, असं तिथल्या माणसाने सांगितलं. सोमवारी गेली. पुन्हा सोमवारी या.

"ऱ्हाऊ दे," धुडकू म्हणाला. "वाळेल झाडले पाणी कोन घालस?"

संक्रांतीला ललित गोळ्या घेऊन आला. काकूंनी पाठवल्या होत्या, तिळाच्या वड्यांबरोबर. तोवर खोकला परत आला होता, आणि इथे टॉवेल कोंबायचं कारण नसल्याने तो सगळ्या आळीला ऐकू जात होता. धुडकूने वडी खाल्ली. गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात ठेवून दिलं. सरलाबाईने एकदा ते काढून त्याच्या हातात दिलं, त्याने पुन्हा ठेवून दिलं. ललित ओरडला, रडला, मराठीत, गुजरातीत. बाप त्याच्याकडे मायेने बघत राहिला, लहान मूल काहीतरी निरर्थक मागतं तेव्हा बघतात तसा.

"केकताड पाहिलं का रे? पडलं का?" त्याने विचारलं.

"उभं आहे, पप्पा. फुलं गळाली. दांडा वाळतोय."

"मंग, झाडच वाळतंय," धुडकू म्हणाला.

माघ महिन्यात, पहाटे, त्याला रक्ताची उलटी झाली. तांब्याभर असेल, नाहीतर जास्त. धुरपदाबाई राख घेऊन येईपर्यंत तो गेला होता.

तिरडी बांधायला गावातला दत्तू आला. म्हातारा, गावातली सगळी मढी बांधणारा, आणि एके काळी धुडकूच्या बापाबरोबर दोर वळलेला. भिकन सुतळी आणायला निघाला तेव्हा सरलाबाईने वळकटीतून तो दोर काढून दिला. "याच दोरानं बांधा म्हनेत," एवढंच ती बोलली.

दत्तूने दोर हातात घेतला. अंगठ्याखाली ओढला, पीळ सोडून दोन धागे वेगळे केले, पुन्हा ओढले.

"हाऊ वाख कोठला?"

"सुरतना. त्याच्या मालकिणीकडे केकताड होतं," भिकन म्हणाला.

"केकताडना नही हाऊ," दत्तू म्हणाला. "आखूड शे. मऊ शे. दुसरंच काई झाड शे हे."

कुणी लक्ष दिलं नाही. मढं ताटकळत ठेवून दोराची चर्चा कोण करणार? दत्तूनेही खांदे उडवले. "पक्का शे पन," तो म्हणाला आणि गाठ ओढली. सरलाबाई भिंतीला टेकून बसली होती. बायका रडत होत्या, तिला कुणीतरी धरलं होतं. तिने ते ऐकलं. पाणी पिऊन माजलेलं केकताड, वाख आखूडच पडणार. हे म्हणताना त्याने तोच धागा तसाच अंगठ्याखाली ओढला होता.

फाल्गुनात ती सुरतेला परतली. ललित उधन्याच्या स्टेशनवर घ्यायला आला होता, त्याने रिक्षात काही विचारलं नाही. भटारच्या गल्लीत उतरून ती फाटकातून आत आली आणि थांबली.

दांडा वाळून तपकिरी झाला होता, वाऱ्याने एका बाजूला कललेला. त्याच्याखाली झाड हिरवं होतं. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी, त्याच खोडातून, दोन नवीन डोकी फुटली होती.

तिने पिशवी खाली ठेवली आणि बुंध्याशी बसली. हाताने माती उकरली, पालापाचोळा बाजूला केला. पिल्लू नव्हतं. एकही नव्हतं. खोडाच्या खालच्या भागावर विळ्याच्या खुणा होत्या, पावसाळ्यात धुडकूने पानं उतरवली तिथल्या, ओळीने, तिरप्या, बापाने शिकवलं तशा. आता त्या सुकून राखाडी झाल्या होत्या. तिने त्यांवरून हात फिरवला. तेच झाड होतं.

काकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना सगळं ललितकडून कळलं होतं. मी सांगत होते, असं म्हणायचा त्यांना हक्क होता आणि सरलाबाई तेच ऐकायची वाट बघत होती. काकू म्हणाल्या, "चहा ठेवते. आधी हातपाय धू."

"काकू, हा दांडा काढू का?"

"वाळलेलाच आहे. काढ."

"तेव्हाच काढला असता," सरलाबाई म्हणाली. "वीतभर होता तेव्हा. मी हात घातला होता."

काकूंना तो दिवस आठवला. झाडात गेलेला तिचा हात, पदराला पुसलेलं रक्त, आणि आपण ओढलेली वेताची खुर्ची. त्या म्हणाल्या, "विळा मागे आहे. पिंपाशेजारी. त्याने ठेवला तिथेच."

सरलाबाई मागे गेली. मागच्या अंगणात दोरीवर काकूंच्या दोन पांढऱ्या साड्या वाळत होत्या. ती दोरीखालून वाकून गेली, विळा घेतला, पुढे आली आणि दांडा मुळाशी कापला. हिरव्या पानांना धक्का लागू नये म्हणून तिने एका हाताने ती बाजूला धरली होती. टोकं लागत होती. मग पायरीवर बसून तिने दांड्याचे तुकडे केले, बंबाच्या तोंडात मावतील एवढे, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात रचून ठेवले.

त्या संध्याकाळी काकूंनी लिहिलं: सरलाबाई आज परत आली. उद्यापासून काम. युक्काचा वाळलेला दांडा तिने कापून दिला, तो बंबात घातला. लगेच पेटला, पाणी चांगले तापले.